खाऱ्या जमिनीवरील तेलबिया : जमीन घ्यावी की बी घ्यावे?

गेली काही वर्षे आपल्या व्यापारी मंडळींच्या बोलण्यात एक विषय पुनःपुन्हा निघू लागला आहे. समुद्रकाठच्या खारट जमिनी स्वस्तात मिळतात. त्यांवर खारे पाणी सोसणारी तेलबियांची झाडे लावावीत. त्या तेलापासून डिझेलच्या जोडीस चालणारे इंधन करावे. आणि देशाची सेवा व स्वतःचा उत्कर्ष ही दोन्ही एकदम साधावीत, असा हा विचार आहे. विचार आकर्षक आहे खरा. आपला देश खनिज तेलाच्या गरजेपैकी शेकडा ८५ हून अधिक भाग परदेशांतून आणतो, आणि खाद्यतेलाचाही निम्म्याहून अधिक भाग बाहेरूनच येतो. अशा वेळी पडीक म्हणून सोडलेल्या जमिनीतून तेल निघत असेल तर त्याकडे व्यापाऱ्याने पाठ फिरवावी, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, ज्या धंद्यात देशसेवेचा उच्चार भांडवलाच्या आधी होतो, त्या धंद्याची खातेवही अधिक बारकाईने पाहावी, हेही आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपणांस शिकविले आहे. म्हणून या प्रश्नाची दोन्ही अंगे सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. व्यापाऱ्याने या धंद्यात अवश्य पडावे. परंतु जमिनीचा धनी म्हणून पडू नये, बियांचा गिऱ्हाईक म्हणून पडावे. असे आम्हांस का वाटते, ते पुढे क्रमाने सांगतो.

हुबळी-धारवाड समुद्रापासून दूर आहे. घाटाखालच्या किनाऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात धारवाड भागातील कापूस घाट उतरून कुमट्याच्या बंदरात जाई व तेथून गलबतांनी मुंबईस पोहोचे. त्यामुळे पिकला धारवाडच्या काळ्या रानात, पण लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘कुमटा’ कापूस या नावाने ओळखला गेला. तेलाच्या व्यापाराविषयी तर सांगावयासच नको. भुईमूग, करडई, सरकी, जवस, तीळ ही नावे आपल्या पेढ्यांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. आणि वनस्पतीच्या तेलावर एंजिन चालते, हाही काही आजचा शोध नव्हे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक लहान एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि ही गोष्ट मागे पडली, इतकेच.

आता खाऱ्या जमिनीची गोष्ट पाहू. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे आपल्या देशात क्षारग्रस्त जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे व तिच्यापैकी सुमारे साडेबारा लाख हेक्टर किनाऱ्यालगतची आहे. मातीत मीठ वाढले की मुळांस पाणी ओढता येत नाही. पाणी समोर असून पीक तहानलेले राहते. काही वनस्पतींनी मात्र यावर तोड काढली आहे. कोणी मीठ मुळाशीच अडवितात, कोणी ते पानांत साठवितात, तर कोणी पानांवाटे बाहेर टाकतात. अशा वनस्पतींपैकी सॅलिकॉर्निया नावाच्या मांसल झुडपाची कीर्ती जगभर झाली. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यावर तिची लागवड करून पाहण्यात आली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे हेक्टरी सरासरी दोन टन बी आले आणि बियांत तेलाचे प्रमाण शेकडा २६ ते ३३ भरले. २०१९ च्या जानेवारीत याच झुडपाच्या तेलाचा अंश असलेले इंधन वापरून एका विमानाने अबूधाबीहून ॲमस्टरडॅमपर्यंतचा प्रवास केला. आपल्याकडे भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने सॅलिकॉर्नियाच्या देशी जातीवर व पिलूच्या झाडावर काम केले आहे. पिलूच्या बियांचे तेल खाण्याचे नसले तरी साबणास चांगले असते.

ही सर्व वार्ता खरी आहे. पण ती कोणत्या भूमीची आहे हे पाहिले पाहिजे. सोनोरा, अबूधाबी, कच्छ हे कोरड्या हवेचे प्रदेश आहेत. तेथे जमीन बारमाही खारी असते आणि आकाशातून पाणी फारसे येत नाही. कारवार, अंकोला, कुमटा आणि वरचा सारा कोकणपट्टा यांची प्रकृती निराळी आहे. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस कोसळतो. पावसाळ्यात मीठ धुऊन जाते, शेते गोड्या पाण्याने तुडुंब भरतात, आणि दिवाळीनंतर भरतीबरोबर खारेपण पुन्हा चढत जाते. वाळवंटात ज्या झुडपाने यश दिले, ते आपल्या पहिल्याच आषाढात कुजणार नाही, अशी हमी आज कोण देईल? तेव्हा परदेशी आकडे जसेच्या तसे आपल्या वहीत उतरविणे हा शहाणपणा नव्हे.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. या जमिनी खरोखरच पडीक आहेत काय? कुमटा तालुक्यात अघनाशिनी नदीच्या मुखाशी खारफुटीच्या कडेने ज्या जमिनी पसरल्या आहेत, त्यांस तेथे ‘गजनी’ म्हणतात. उन्हाळ्यात त्या पाहणाऱ्यास उजाड, पांढुरक्या दिसतात. परंतु पावसाळ्यात तेथे ‘कग्गा’ नावाचे उंच वाढणारे भात घेतले जात आले आहे. ते मीठ सोसते आणि काही दिवस पाण्याखाली राहिले तरी टिकते. कापणीनंतर दारे उघडून भरतीचे पाणी आत घेतात. त्या पाण्याबरोबर येणाऱ्या मासळीवर आणि कोळंबीवर तेथील गरीब वर्गाचे पोट चालते. गोव्यात याच पद्धतीच्या जमिनीस ‘खाजन’ म्हणतात आणि तिच्या पाण्याच्या दारास ‘मानस’. ठाणे-रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत तिचे नाव ‘खार’. मुंबई राज्यात १९४८ साली व महाराष्ट्रात १९७९ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे झाले, आणि पनवेल येथील संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या खास जाती काढल्या. ज्या जमिनीसाठी कायदे होतात, बांध घातले जातात आणि बियाणे शोधले जाते, ती जमीन कोणाच्याच उपयोगाची नाही असे म्हणता येणार नाही. ती आपल्या उपयोगाची नाही, एवढेच फार तर खरे.

या जमिनींची घडी गेल्या काही दशकांत विसकटली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एकत्र बांध राखण्याची जुनी रीत मोडली, कोळंबीच्या मोठ्या तळ्यांनी कग्ग्याची जागा घेतली, आणि पुष्कळ क्षेत्र खरोखरच ओस पडले. पण ओस पडलेल्या घराचा वारस जिवंत असतो. अघनाशिनीचे मुख ३१ जानेवारी २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाहीर झाले. खारफुटीचे क्षेत्र किनारा नियमनाच्या अधिसूचनेखाली संरक्षित आहे. तेव्हा अशा ठिकाणी जमीन घेणाऱ्याने मालाच्या भावाबरोबर न्यायालयाच्या तारखांचाही हिशेब मांडून ठेवावा.

येथे एक नाजूक मुद्दा निघतो, तो टाळणे बरे नव्हे. आपल्यापैकी अनेकांस असे वाटेल की, जेथे आज मासळी व कोळंबी धरली जाते तेथे तेलबियांची झाडे उभी राहिली, तर तेवढीच हिंसा टळली. भावना शुद्ध आहे; परंतु विचार पुरा नाही. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत घाण्यात पिळून काढण्याचे कर्म जसे आहे, तसेच तळी व पाणवठे आटविण्याचेही आहे. भरतीचे पाणी बांध घालून कायमचे तोडले, तर त्या चिखलातील असंख्य जीव एका हंगामात नष्ट होतात. आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते ती माणसे दुसऱ्या खाडीवर जाऊन तेच कर्म करतात. त्यांचा आहार आपला नव्हे, त्यांचा व्यवसाय आपला नव्हे. पण त्यांच्या मुलांच्या तोंडचा घास आपल्या भांडवलाने काढला गेला, तर त्याचा दोष आपल्या खाती जमा होईल, यात आम्हांस शंका वाटत नाही.

मग किनाऱ्यावरून तेल मिळणारच नाही काय? मिळेल, आणि त्यासाठी परदेशी झुडुपाची वाट पाहावयास नको. आपल्या किनाऱ्याची दोन जुनी झाडे आहेत. एक उंडी, जिला कानडीत सुरहोन्ने म्हणतात. आणि दुसरे करंज, म्हणजेच होंगे. उंडी समुद्राच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात उभी राहते. तिचे लाकूड होड्यांस उपयोगी पडे, आणि तिच्या तेलावर घरोघरचे दिवे जळत. वटवाघळे फळाचा वरचा गर खाऊन बी झाडाखाली टाकतात व बायामुले ते वेचून आणतात. तिच्या मगजात निम्म्याहून अधिक तेल असते. करंज खाडीच्या काठी, ओढ्याच्या कडेस, मुळाशी खारे पाणी आले तरी तग धरतो. शिवाय तो आपल्या धारवाडच्या रस्त्यांच्या कडेसही तितक्याच आनंदाने वाढतो. त्याच्या बियांत शेकडा २७ ते ३९ तेल असते आणि पेंड उत्तम खत होते. ही दोन्ही तेले खाण्याची नव्हेत; म्हणून ती जाळल्याने कोणाच्या स्वयंपाकघरातील कढई कोरडी पडत नाही, ही मोठीच जमेची बाजू होय.

करंजाच्या तेलावर एंजिन चालते, हे तर आपल्या प्रांतातच सिद्ध झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांच्या प्रेरणेने कग्गनहळ्ळी या खेड्यात होंगे तेलावर जनित्रे चालवून शेतीस पाणी पुरविण्यात आले. आपल्या हुबळीच्या भूमरेड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे २०१५ पासून के. एल. ई. तांत्रिक विद्यापीठ झाले आहे, होंगे तेलाच्या इंधनाच्या एंजिनावर चाचण्या झाल्या व त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्षमता डिझेलपेक्षा किंचित कमी, पण एंजिन नीट चालते, असे त्यांचे सार आहे. विज्ञानाची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती हिशेबाची.

हा हिशेब व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखाच पाहावा. करंजाचे साधारण चार किलो बी पिळले म्हणजे एक किलो तेल व सुमारे तीन किलो पेंड निघते. उदाहरणादाखल समजा, बियांचा भाव किलोस २५ रुपये आणि पेंडीचा १५ रुपये धरला. बियांचे १०० रुपये, त्यांतून पेंडीचे ४५ वजा. म्हणजे तेल ५५ रुपयांस पडले. त्यावर घाण्याची मजुरी, गाडीभाडे, आणि तेलाचे इंधन करावयाचे तर शंभर किलो तेलामागे सुमारे अकरा किलो मिथेनॉल. आता पेंडीचा भाव केवळ पाच रुपयांनी उतरला, तर तेल ७० रुपयांवर जाते. म्हणजे या धंद्याचा प्राण तेलात कमी आणि पेंडीत अधिक आहे. ज्याने पेंडीचे गिऱ्हाईक आधी बांधले नाही, त्याने तेलाचा घाणा लावू नये. उंडीच्या तेलात आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने त्याचे इंधन करण्यास दोन पायऱ्यांची प्रक्रिया लागते व खर्च वाढतो. शिवाय जे तेल पूर्वी पणतीत जळत असे, तेच आज ‘तामानू’ या नावाने चेहऱ्यास लावण्यासाठी लहान लहान बाटल्यांतून फार चढ्या भावाने विकले जाते. असा माल एंजिनात जाळणारा व्यापारी लवकरच पेढी बंद करील. उत्तम तेल औषधास व साबणास, आणि उरलेले इंधनास, हीच त्याची नैसर्गिक वाटणी आहे.

या हिशेबात जमिनीची किंमत अजून आलेलीच नाही. करंज साधारण चौथ्या ते सातव्या वर्षी फळू लागतो, आणि एका झाडाचे वर्षाचे बी नऊ किलोपासून नव्वद किलोपर्यंत कितीही असू शकते. शेकडा दहा व्याजाने सात वर्षांत भांडवल जवळजवळ दुप्पट होते. इतका काळ जमिनीत पैसा अडकवून दहापट कमीअधिक होणाऱ्या उत्पन्नाची वाट पाहणे, हे आपल्या पेढ्यांचे काम नव्हे. कर्नाटकात २०२० साली बिगरशेतकऱ्यांनी शेतजमीन घेण्यावरील निर्बंध सैल करण्यात आले, त्यामुळे हा मोह वाढला आहे. म्हणूनच ही सूचना अधिक आवश्यक वाटते.

किनाऱ्याच्या जमिनीचा मोह व्यापाऱ्यास काय करतो, याचा एक दाखला आपल्या इतिहासातच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसास सोन्याचा भाव आला आणि तो पैसा मुंबईत समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांत ओतला गेला. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या भागास त्याच्या कित्येक पट भाव आला. युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १८६५ च्या जुलैत सारा डोलारा कोसळला. त्या काळचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद हे जैन समाजाचे भूषण. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला व त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा आजही मुंबईत आहे. एवढ्या बुद्धिमान पुरुषासही त्या लाटेने बुडविले. न उपजलेल्या जमिनीवर पैसा लावणे आणि न फळलेल्या झाडावर पैसा लावणे, यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण मोगली एरंडाचे. २००३ साली देशाने डिझेलमध्ये २०११-१२ पर्यंत शेकडा २० जैवइंधन मिसळण्याचा संकल्प केला व त्यासाठी पडीक जमिनींवर मोगली एरंड लावण्याची मोहीम निघाली. झाड पडीक जमिनीवर जगले, पण पुरेसे फळले नाही. आणि जे थोडे बी आले त्यास ठरलेल्या भावाने घेणारा मिळाला नाही. पुढे २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० साठी शेकडा ५ चे उद्दिष्ट ठेविले, आणि प्रत्यक्ष मिश्रण त्याच्याही पुष्कळ मागे राहिले. याउलट पेट्रोलमधील इथेनॉल पाहा. २०१४ च्या डिसेंबरपासून सरकारने खरेदीचा भाव आधीच जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूरच्या कारखान्यांनी त्या भरवशावर भांडवल घातले, आणि २०२५ साली शेकडा २० चे मिश्रण साधले. त्या इथेनॉलच्या पाण्याविषयी व धान्याविषयी आक्षेप आहेत, ते वेगळे. पण व्यापाराचा धडा स्पष्ट आहे. एका ठिकाणी आधी जमीन धरली व गिऱ्हाईक मागाहून शोधले. दुसऱ्या ठिकाणी आधी गिऱ्हाईक उभे राहिले व माल आपोआप आला.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. पहिली, संघाने किनाऱ्यावरील जमीन-खरेदीच्या कोणत्याही योजनेस आपले नाव देऊ नये. दुसरी, काही सभासदांनी एकत्र येऊन उंडी व करंज यांच्या बियांचा किमान भाव हंगामापूर्वी जाहीर करावा आणि तो निदान तीन वर्षे पाळावा, मग बाजार चढो वा उतरो. तिसरी, कुमटा-अंकोल्याकडे वजनाचा काटा बसवून बी वेचणाऱ्या बायामाणसांस त्याच दिवशी रोख चुकते करावे. ओले बी, माती व खडे यांची कसोटी त्यांच्या डोळ्यांदेखत करावी. कापसात कचरा व हलका माल मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले होते की १८६३ साली मुंबई सरकारास त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ती नामुष्की या नव्या मालावर येऊ देऊ नये. चौथी, रोपे द्यावयाची ती शेतकऱ्यांस त्यांच्या बांधासाठी, परसासाठी, वाळूच्या पट्ट्यासाठी द्यावीत. खारफुटीत वा कग्ग्याच्या शेतात एकही झाड लावण्यास उत्तेजन देऊ नये. पाचवी, आरंभी एकच घाणा लावावा, पेंडीचे व साबणाच्या तेलाचे गिऱ्हाईक बांधावे, आणि उरलेल्या तेलाचे इंधन सभासदांच्या गिरण्यांतील जनित्रांवर तांत्रिक विद्यापीठाच्या मदतीने वापरून पाहावे.

या योजनेत मोठ्या नफ्याचे आश्वासन नाही, हे आम्ही जाणतो. पहिली काही वर्षे तर मुद्दल सांभाळणे हाच नफा समजावा लागेल. आज रेल्वेचे बहुतेक मार्ग विजेवर चालू लागले आहेत, मोटारीही हळूहळू त्याच वाटेवर आहेत. तेव्हा वनस्पतीच्या इंधनास उद्या किती मागणी राहील, याचाही विचार ठेवावा लागेल. परंतु ज्याने केवळ बी घेतले आहे, तो बाजार फिरला तर तेल साबणास देऊन मोकळा होईल. ज्याने जमीन घेतली आहे, त्यास मोकळे होता येणार नाही. आणि किनाऱ्यावरच्या माणसाची जमीन त्याच्याकडेच राहील, त्याच्या बांधावरच्या झाडास मात्र भाव येईल. भाव सांगणे आणि सांगितलेला भाव पाळणे, एवढेच आपल्या वाडवडिलांनी केले व त्यावरच या पेढ्या उभ्या राहिल्या. खाऱ्या जमिनीच्या बाबतीतही आपले कर्तव्य तेवढेच आहे, असे आम्हांस वाटते. सभासद बंधुभगिनींनी यावर साधकबाधक विचार करून येत्या वार्षिक सभेत आपले मत अवश्य मांडावे, अशी आमची विनंती आहे.